मधल्या खोलीचं वाण

"माणसाला शेवटी जागा लागते किती? साडेतीन हात!"

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा मी एका पायावर उभा होतो. दुसरा पाय टेकायला जागा नव्हती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातानं नाकावर धरलेला रुमाल, आणि समोर आमच्या घराची मधली खोली.

"बरोबर आहे," शरयू दारातून म्हणाली, "पण ती मेल्यावर. वन्सं अजून आहेत. त्यांना कॉट लागेल."

ही गोष्ट आमच्या गावात मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची. मी नगरपालिकेतून सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो होतो. हॉटेलांचे मुदपाकखाने, मटण मार्केट, मुताऱ्या आणि तुंबलेली गटारं यांत माझी उभी नोकरी गेली. माझं नाक हीच माझी पदवी. डोळे बांधून बाजारातून फिरवलंत तर कालची भजी आज कुठं पुन्हा तळली जाताहेत, ते मी चालता चालता सांगत असे. लोक मला पाहिलं की ओटे धुवायला घेत.

आणि अशा माणसाच्या घरात मधली खोली होती.

ती खोली आम्ही बांधली तेव्हा बाळंतिणीची म्हणून बांधली. मूल काही झालं नाही. खोली मात्र गरोदर राहिली ती राहिलीच. शरयूला कुठलीही वस्तू टाकवत नसे. "लागेल कधीतरी" हे तिचं जीवनविषयक मत होतं. लग्नामुंजीत आलेले लेमन सेट लागतील कधीतरी. तिच्या रुखवतातली थर्माकोलची बदकं लागतील. फ्रिजचं खोकं तर लागेलच, फ्रिज परत करायचा झाला तर. फ्रिज घेऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

त्या खोलीला एक वास होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिथं वासांची बिऱ्हाडं होती. दाराशी डांबरगोळ्या. पुढं गेलं की ओलसर गोधड्या. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या, आणि त्यांच्याही मागं काहीतरी गोडसर, कुबट, जे मला नोकरीत फक्त एकदा भेटलं होतं, आणि तेव्हा आम्ही पोलिसांना बोलावलं होतं.

आता ती खोली रिकामी करायची होती, ती आक्कासाठी.

द्वारकाआक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतंच. साताऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथंच एका दुमजली चाळीत वरच्या खोलीत एकटी राहिली. त्या दिवाळीनंतर ती जिन्यावरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "जिना आता विसरा. तळमजला, वॉकर फिरेल एवढी मोकळी जागा, आणि माणसं. रथसप्तमीच्या सुमाराला घरी न्या."

घरी म्हणजे कुठं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आमच्या एका पुतण्यानं हायवेला लागून असलेला एक वृद्धाश्रम सुचवला. मी बघून आलो. फिनेलनं दाबलेला लघवीचा वास, त्यावर उदबत्ती. घाणीवर सुगंध चढवला की खालची घाण वर येऊन ओळख करून देते, हे मी हॉटेलवाल्यांना तीस वर्षं सांगत आलो. व्यवस्थापक म्हणाले, "इथं सगळे आनंदात असतात." त्यांच्या मागं एक म्हातारबुवा आनंदात एकच चमचा धोतराला पुसत होते. मी बसलो तेवढा वेळ पुसत होते.

घरी येऊन मी आधी अंघोळ केली आणि मग शरयूला म्हटलं, "तिथं नाही."

"मी कुठं तिथं म्हटलं?" ती म्हणाली. "मधल्या खोलीत आणू."

"मधल्या खोलीत मांजर वळू शकत नाही."

"करू की रिकामी. पण हळूहळू हं. एकदम काढलं की घराला धसका बसतो. रोज एक वस्तू."

पहिल्या दिवशी बाहेर काढायला उंदराचा पिंजरा निवडला गेला. त्याला दार नव्हतं. शरयूनं तो पुसला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि जड अंतःकरणानं अंगणात ठेवला. दुसऱ्या दिवशी खोलीत उंदीर दिसला, म्हणून पिंजरा परत आत गेला.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः आत शिरलो. एक डालड्याचा डबा हाताला लागला. मी तो उघडला. ही चूक होती. आत तळणीचं तेल होतं, दिव्याला लागेल म्हणून कुठल्याशा दिवाळीत गाळून ठेवलेलं. त्याला साय आली होती. सायीवर झुरळं बसली होती. बसली होती म्हणजे कायमची. डबा ठेवावा तर बोटं निघेनात. धडपडीत आमच्या लग्नाचा अल्बम खाली पडला आणि उघडला. अंतरपाटाच्या फोटोवर एक पाल वाळून चपटी झाली होती, अगदी माझ्या आणि शरयूच्या मधोमध.

"काढू नका!" शरयू ओरडली. "फोटो फाटेल."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. या वेगानं गेलं तर आक्काच्या तेराव्यापर्यंत खोली निम्मी झाली असती. मी तसं बोलूनही दाखवलं.

"शुभ बोला हो," शरयू म्हणाली. "मला मुळात टाकायचंच नाहीये. टाकलं की पाप लागतं."

"मग काय करायचं?"

ती भोगीची भाजी निवडत होती. हातातली शेंग तशीच राहिली. चेहऱ्यावर असं तेज आलं की मला भीती वाटली.

"लुटायचं," ती म्हणाली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सवाष्णी एकमेकींना घरी बोलावतात, हळदकुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि हातावर एखादी वस्तू ठेवतात. त्याला वाण लुटणं म्हणतात. वस्तू छोटीशीच असते. साबणाची डबी, चहाची गाळणी, कुंकवाचा करंडा. आमच्या मधल्या खोलीचा निम्मा ऐवज हा असाच, शरयूनं पस्तीस संक्रांतींत कमावलेला होता. नुसत्या साबणाच्या डब्यांनी दोन पोती भरली होती. आम्ही दोघं मिळून एक साबण वापरायचो.

तिनं सगळं गरम पाण्यात सोडा घालून धुतलं. डबी न् डबी, भोक न् भोक. अंगणात वाळत घातलं तेव्हा रस्त्यानं जाणारा एकजण भाव विचारून गेला.

पहिलं हळदकुंकू शुक्रवारी झालं. कॉलनीतल्या दहाबारा बायका आल्या. पुरुष अशा वेळी घरात नसतात, पण मला हमाल म्हणून ठेवून घेतलं होतं. मधल्या खोलीतून टोपली भरून आणायची, पडद्याआडून आत सरकवायची, रिकामी परत घ्यायची.

"अय्या, साबणाची डबी!" पडद्यापलीकडून खासनीसबाईंचा आवाज आला. "बरं झालं बाई, लागतच होती."

लांबच्या नात्यातलं कोणी वारल्याचं कळल्यावर माणूस ज्या आवाजात "अरेरे" म्हणतो, त्या आवाजात हे होतं. खासनीसबाई म्हणजे कॉलनीतल्या सवाष्णींच्या सरसेनापती. कोणाकडे कधी जायचं, कोणाला बोलवायचं, कोणाची ओटी आधी भरायची, सगळं त्यांच्या भुवईवर चालायचं. श्रावणात त्यांना जेवायला घालायला रांग लागायची. त्यांचे यजमान निवृत्त डेप्युटी इंजिनिअर होते आणि त्यांच्या तब्येतीची सगळी कॉलनी काळजी घ्यायची, कारण ते गेले असते तर बाईंचं काय करायचं, हे कोणालाच सुचलं नसतं.

त्या संध्याकाळी खोलीच्या भिंतीचा एक हातभर तुकडा दिसला. मी त्याला हात लावून पाहिला. हिरवा रंग होता. मी साफ विसरलो होतो.

पण हळदकुंकवाचं एक शास्त्र आहे. जिला बोलावलं, ती बोलावते. दुसऱ्या दिवसापासून शरयू नट्टापट्टा करून कॉलनीत फिरायला लागली आणि रोज संध्याकाळी पिशवी भरून परत यायला लागली. गाळण्या, वाट्या, पिनांची पाकिटं, आणि साबणाच्या डब्या. आठवडाभरात तो हिरवा तुकडा पुन्हा दिसेनासा झाला.

"अगं, हे काय?"

"नाही म्हणता येतं का? वाण आहे ते."

एका पिशवीत मला एक गुलाबी डबी दिसली. झाकणावर बदक, बदकाला चोच नाही. ती मी स्वतः टोपलीत घातली होती. आमच्याकडून ती खासनीसांकडे गेली, तिथून आणखी कुठं कुठं राहून कडेपूरकरांकडून आमच्याकडे परत आली होती. आतून चिकट होऊन आली होती, आणि चिकटपणात एक केस होता.

"माहेरपणाला आली," मी म्हटलं.

शरयूनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "मला हिची आठवण येतच होती," ती म्हणाली, आणि सोड्याचं पाणी तापवायला गेली.

वाणाचा तो व्यवहार मी पहिल्यांदाच आतून पाहत होतो. हिच्या घरातली अडगळ तिच्या घरात, तिची पलीकडच्या घरात, वर अत्तर, वर गुलाबपाणी, सगळ्यांच्या बोटांना तिळाचा चिकटा आणि सगळ्यांच्या तोंडी "गोड गोड बोला". गटारात पाणी वाहतं तरी राहतं. हे नुसतंच फिरत होतं.

रथसप्तमी जवळ आली. आक्काला सोमवारी आणायचं ठरलं होतं. आधीच्या शुक्रवारी शरयूनं शेवटचं मोठं हळदकुंकू मांडलं. "आज प्रत्येकीला तीनतीन वस्तू देते," ती म्हणाली, "आणि उद्यापासून मला बरं नाही म्हणून सांगते. कुठं जायलाच नको." बाईला शास्त्र कळलं होतं, फक्त उशिरा.

बायका जमल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, मधे एक खुर्ची. तिच्यावर एकेकीनं येऊन बसायचं, कुंकू लावून घ्यायचं, वाण घ्यायचं आणि उठायचं. शेजारी स्टुलावर तबक. मी पडद्यामागं टोपली घेऊन उभा. निमकरांची नवी सून ऋतुजा बसून उठली होती, खासनीसबाईंची पाळी होती, तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

दवाखान्याची गाडी होती. ड्रायव्हर खाली उतरला. "सकाळपासून फोन लावतायत तुम्हाला," तो म्हणाला. "सारखा एंगेज. कॉट दुसऱ्या पेशंटला लागत होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, नेऊन सोडा."

फोन एंगेज होता कारण सकाळपासून शरयू आमंत्रणं करत होती.

गाडीच्या मागच्या दारातून आधी वॉकर आला, मग एक पिशवी, मग आक्का. तिची बाकीची सगळी मिळकत पिशवीच्या आत होती. ती स्वतः वाळली होती. आवाज मात्र तोच, एक्स्चेंजमधला, कुठल्याही गोंगाटातून बरोबर कानाशी येणारा.

"दिगू, तुझ्या घरी लग्न आहे का रे?"

"हळदकुंकू आहे."

तिचं एक पाऊल थांबलं. मला वाटलं, पाय दुखला. आक्का आमच्याकडे कितीदा तरी येऊन राहिली होती, पण संक्रांतीच्या दिवसांत कधीच नाही. आणि चैत्रातल्या हळदकुंकवाला हटकून मागच्या अंगणात वाळवण राखायला बसायची. माझी समजूत अशी, की आयुष्यभर लोकांची बडबड ऐकलेली बाई, तिला बडबडीचा कंटाळा.

"मागच्या दारानं जाऊ या," ती म्हणाली.

"मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत."

मग दुसरा रस्ताच नव्हता. मी आणि ड्रायव्हरनं तिला धरून पुढच्या दारानं आत घेतलं. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. हॉटेलात मी शिरल्यावर लोक व्हायचे तसे.

"या वन्सं," शरयू म्हणाली. हातातला करंडा तसाच होता. "आज कशा काय?"

"सोडून दिलं गं मला. चांगल्या वागणुकीबद्दल."

खासनीसबाई खुर्चीतून उठल्या आणि आवाजात मध घालून म्हणाल्या, "शरयूताई, दमल्या असतील हो त्या. त्यांना आत नेऊन निजवा ना. हे आटपेपर्यंत."

"आत जागा नाही," मी म्हटलं.

"मग स्वयंपाकघरात?"

"वॉकर वळत नाही."

"मागं अंगणात ऊन छान आहे," कडेपूरकरबाई म्हणाल्या.

आक्का माझ्या खांद्यावर रेलली होती. "दिगू," ती हळू म्हणाली, "कुठंही बसव. पण लवकर बसव."

खोलीत एकच खुर्ची होती. मी तिला त्या खुर्चीवर बसवलं.

मग खासनीसबाईंनी जे केलं ते मी आजही विसरलेलो नाही. त्या वाकल्या, स्टुलावरचं हळदकुंकवाचं तबक उचललं, लांब नेऊन भिंतीशी ठेवलं, आणि वर आपला रुमाल पसरला. घरात मांजर शिरल्यावर दुधाचं पातेलं झाकतात तसा. अगदी सहज. हाताला सवय होती.

आक्का खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर भिंत होती.

मी शरयूकडे पाहिलं. शरयू त्या रुमालाकडे पाहत होती. कडेला क्रोशाची वेल होती, मधे डाग होता. पस्तीस वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं होतं, रडलेलं पाहिलं होतं, पण नाक मुरडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या तेलाच्या डब्यालासुद्धा तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. आता मुरडलं.

"अहो," ती मला म्हणाली, "खोलीतलं सगळं आणा."

"टोपली भरलेली आहे."

"टोपली नाही. सगळं. पोती आणा."

मी आणलं. पोती आणली, लेमन सेट आणले, घड्याळं आणली, ड्रायव्हरनंही दोन फेऱ्या मारल्या. खुर्चीच्या भोवती ढीग लागला. शरयूनं पदर खोचला.

"वन्सं, माझी कंबर धरलीय हो सकाळपासून," ती म्हणाली. "वाण तेवढं तुम्ही लुटा."

"मी?" आक्का म्हणाली. "मला कुठं येतं गं ते?"

"त्यात काय यायचंय? समोरचा हात बघायचा, त्यावर ठेवायचं."

"शरयूताई," खासनीसबाई म्हणाल्या, "अहो, वाण सवाष्णीच्या हातून..." आणि थांबल्या.

"हं?" शरयूनं विचारलं. "काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

आमच्या गावात अपमान करायला कोणी कचरत नाही. कारण सांगायला मात्र फार कचरतात. खासनीसबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्या सतरंजीकडे पाहत होत्या.

"नाही, म्हटलं, कंबरेला शेक घ्या," त्या म्हणाल्या.

"घेते. या, बसा ना. हात पुढं करा."

आक्कानं एकदा शरयूकडे पाहिलं. मग कानावरचे केस मागं सारले, हेडफोन चढवायच्या आधी सारायची तसे, पोत्यात हात घातला आणि पहिली डबी काढली. गुलाबी.

"बदक आहे," ती म्हणाली. "चोच तेवढी नाही. घ्या."

"माझ्याकडे आहे हो साबणाची डबी."

"असू दे. एका हाताला एक. पुढं बोला."

"मला खरंच नको..."

"लाइन अडवू नका बाई, मागं माणसं आहेत. ही गाळणी. ही दुसरी गाळणी. चहा दोनदा गाळा, तब्येतीला चांगला. पुढच्या!"

मी इतकी वर्षं लोकांना नोटिसा दिल्या, पण इतक्या नाइलाजानं कोणी काही घेतलेलं पाहिलं नव्हतं. कडेपूरकरबाईंनी पदराआडून हात पुढं केला, उघड्या हाताला आक्काचा हात लागू नये म्हणून. त्यांना घड्याळ मिळालं. "बंद आहे," आक्का म्हणाली, "पण दिवसातून दोनदा बरोबर असतं. माणसांचं तेवढंही नसतं." एकीनं दोन बोटांच्या चिमटीत वाटी धरली. ती पकड मला ठाऊक होती. मेलेला उंदीर शेपटीला धरून नेतात ती.

फक्त निमकरांची ऋतुजा पुन्हा येऊन पायाशी बसली. "मला तो लेमन सेट द्या ना, आक्का. आमच्याकडे सगळे ग्लास फुटलेत."

"अगं, त्यात झुरळांची अंडी होती," मी म्हटलं.

"धुतलाय मी!" शरयू म्हणाली.

ऋतुजानं सेट मांडीवर घेतला आणि वाकून आक्काच्या पायाला हात लावला. "हळू," आक्का म्हणाली, "उजवा नवीन आहे."

बायका भराभर उठल्या. तिळगूळ कोणी खाल्ला नाही, पण सगळ्यांच्या पिशव्या भरल्या होत्या. खासनीसबाई शेवटी गेल्या. रुमाल घ्यायला विसरल्या नाहीत. दारातून म्हणाल्या, "शरयूताई, आता तुमच्याकडे आजारपण. मग उद्या माझ्याकडे यायची ओढाताण नका करू हं."

"नाही करत," शरयू म्हणाली.

संध्याकाळी मधली खोली रिकामी होती. पाल, पिंजरा, तेल, सगळं ड्रायव्हरनं आणि मी मिळून मागं खड्डा खणून पुरलं. फरशी धुतली. चारही भिंती हिरव्या निघाल्या. कॉट लावली, आक्का तिच्यावर निजली आणि वॉकर खोलीभर फिरवून बघायचा म्हणून शरयूनं तो स्वतःच फिरवला. एक चक्कर मारली, दुसरी मारली.

"तुला पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही," मी म्हटलं.

"नको बोलावू दे," ती वॉकर ढकलत म्हणाली. "खोली परत भरायला नको."

झालंही तसंच. पुढच्या संक्रांतीला आमंत्रण आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ऋतुजा यायची, हात हलवत यायची, आक्काच्या कॉटवर बसून सासूच्या कागाळ्या सांगायची आणि हात हलवत जायची. नटून बाहेर पडायचे ते दिवस आले की शरयू एकदा कपाट उघडून साड्यांवरून हात फिरवायची आणि कपाट लावून टाकायची. आक्का तिच्या शेवटापर्यंत त्या खोलीत राहिली. खोलीत कॉट, खुर्ची आणि ती, एवढंच होतं. शरयूनं तिथं सुई ठेवू दिली नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

पहाटे मी फिरायला निघालो. कॉलनीच्या कोपऱ्यावर कचराकुंडी आहे. मी नोकरीत असताना अर्ज-विनंत्या करून ती बसवून घेतली होती. तिच्याशी मी थांबलो. नाकानंच थांबवलं, पण या वेळी वेगळ्या कारणानं. कुंडीतून सोड्याचा वास येत होता.

डब्या होत्या. गाळण्या, वाट्या, घड्याळ, सगळं. रातोरात आणून टाकलेलं. कोणाच्या घरची आंबलेली कढी वर ओतलेली होती आणि ती जाळीजाळीतून गाळून खाली उतरत होती, दोनदा. शिळ्या भाताचे गोळे, केसांची गुंतवळ, एक फुगलेली घूस, आणि घुशीच्या पोटाला टेकून गुलाबी डबी. बदक वर, चोच नाही. एक कुत्रं ते झाकण चाटत होतं.

मी आयुष्यभर या कुंड्यांत वाकून पाहिलं. कीड पाहिली, कुजलेलं पाहिलं, जे सांगवत नाही तेही पाहिलं आणि घरी येऊन जेवलो. त्या सकाळी मात्र मी गटाराच्या कडेला बसलो आणि चहा ओकून टाकला. त्या सगळ्या ढिगात स्वच्छ असं तेवढंच होतं, शरयूनं धुतलेलं. एका बाईच्या हाताचा त्याला स्पर्श झाला होता म्हणून ते तिथं होतं. समोर रांगोळ्या काढलेली घरं झोपली होती.

घरी आलो. शरयू आक्काची वेणी घालत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? चेहरा असा का?"

"काही नाही. कोवळ्या उन्हात चाललो."

"सूर्य उगवायचाय अजून."

मला काही सांगायचं नव्हतं आणि गप्पही बसवेना. म्हणून मी मधल्या खोलीच्या मधोमध, दोन्ही पायांवर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. म्हटलं, आक्का, तुला सांगतो, माणूस जन्मभर घाण बाहेर शोधतो. म्हटलं, काल या घरातून जे गेलं ते जायलाच हवं होतं, आणि जे आलं त्याच्यापुढं लाख वस्तू ओवाळून टाकाव्यात. म्हटलं, या घरात यापुढं तुझ्याशिवाय दुसरं काहीही लागणार नाही, कधीतरीसुद्धा नाही. शरयूचा हात वेणीत थांबला. तिनं डोळे पुसले.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. ऑपरेटर होती; बोलणाऱ्याची लाइन तिनं कधी मधेच तोडली नाही. माझं पूर्ण संपल्याची खात्री करून घेतली आणि मग म्हणाली,

"ते सगळं खरं रे, दिगू. पण अंघोळीला जायचं तर माझी साबणाची डबी दवाखान्यातच राहिली बघ. कालच्यातली एखादी मिळते का कुठं, बघतोस? ती बदकाची मिळाली तर बरं."